पावसामुळे रेस रद्द झाली तरी चालेल, पण स्टँडमधल्या माणसाला फसवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फॉर्म्युला वन या मोटार रेसिंगमधली 2025 ची बेल्जियम ग्रांप्री ही रेस पावसामुळे 80 मिनिटं उशिरा सुरू झाली ही बातमी आपल्या क्रीडा पानावर आली होती, चारच ओळींची होती पण आली हे बघून बरं वाटलं. त्यावर नंतर एका वाचकाने पत्र लिहिलं की आजकालचे ड्रायव्हर कागदाचे आहेत, जुना चॅम्पियन आयर्टन सेना होता तेव्हा धो धो पावसात गाड्या पळायच्या. मग दुसऱ्या वाचकाने उत्तर दिलं की पब्लिकला फक्त अ‍ॅक्सिडेंट बघायचे असतात म्हणून पब्लिक ओरडतं. दोन्ही पत्रं वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण मला मनापासून वाटतं की या दोन्ही पत्रांत पावसात बसणारा प्रेक्षक कोण आहे आणि तो नक्की कशावर चिडतो हे आलेलंच नाही.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे रेसिंगचं वेड काही आजचं नाही, इथल्या कार्टिंगच्या ट्रॅकवर पोरं तयार होतात, आमचा कृष्णराज महाडिक तर ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये जाऊन रेस करून आला. रविवारी संध्याकाळी फॉर्म्युला वन असली की आम्ही पाच-सहा जण एकाच्या घरी जमतो, ठरलेलंच आहे ते. त्यामुळे जे लिहितोय ते बघून बघून झालेलं मत आहे.

पहिल्यांदा ड्रायव्हर घाबरट झालेत हा विषय घेतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं प्रॉब्लेम पाणी आहे, गाडी घसरते, टायर धरत नाही. घसरणं हा प्रॉब्लेम आहेच पण तो ड्रायव्हर सांभाळतो, त्यासाठीच तो तिथे आहे. जोरदार पावसासाठीचा फुल वेट टायर 300 च्या स्पीडला सेकंदाला 85 लिटर पाणी बाजूला फेकतो असं टायर बनवणारी पिरेली कंपनीच सांगते, आणि हे एका टायरचं झालं, गाडीला चार टायर आणि पुढे पंधरा-वीस गाड्या. हे सगळं पाणी जातं कुठे? मागच्याच्या तोंडावर. त्यात गाडीच्या मागच्या डिफ्युझरमधून, म्हणजे तळाखालची हवा बाहेर काढणाऱ्या भागातून, हवा वर उचलली जाते तिच्याबरोबर ट्रॅकवरचं पाणी धुक्यासारखं वर येतं. जुलैत पुणे-बेंगळुरू हायवेला लागलात आणि पुढे कंटेनर असला तर ओव्हरटेक करताना त्या दोन सेकंदांत काचेवर फक्त पांढरं दिसतं, वायपर फुल ठेवला तरी काही उपयोग नाही, हा अनुभव आपल्यापैकी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला आहे, आणि आपण तेव्हा ऐंशीने असतो. हे लोक तसल्या पांढऱ्यात तीनशेने असतात आणि पुढची गाडी फुल स्पीडला आहे का मध्येच आडवी उभी आहे हे त्यांना कळायला मार्ग नसतो, मागच्या लाल दिव्यावर सगळा भरवसा. 2025 लाच इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला हाजार असाच अँटोनेलीच्या मागे जाऊन आदळला, त्याला पुढची गाडी दिसलीच नाही.

आणि स्पा, म्हणजे बेल्जियम ग्रांप्री जिथे होते तो ट्रॅक, साधा नाही. सात किलोमीटरचा, आर्देनच्या जंगलातून जाणारा, एका टोकाला पाऊस आणि दुसरीकडे कोरडं असा. ओ रूज आणि रेडियों या वळणांचा जो चढ आहे तिथे गाडी खालून वर जाते तेव्हा वर काय आहे हे दिसत नाही, डोंगरच आडवा असतो. तिथेच 2019 ला फॉर्म्युला वनच्या खालच्या फॉर्म्युला टूचा ड्रायव्हर आंत्वान ह्युबेर गेला, तेव्हा पाऊस पण नव्हता. 2023 च्या जुलैमध्ये ज्युनियर सीरिजच्या रेसमध्ये डिलानो व्हान्ट हॉफ गेला, अठरा वर्षांचं पोर, भर पावसात, रेडियोंच्या पुढच्या सरळ रस्त्यावर, गाड्यांना काही दिसत नसताना. हे माहीत असून जो स्पाला म्हणतो की सोडा गाड्या, बघू काय होतंय ते, त्याच्याशी माझं जमणार नाही. फॉर्म्युला वनच्या ज्युल्स बियांचीचं जपानमध्ये सुझुकाला 2014 मध्ये काय झालं ते पण पावसातच, ट्रॅकच्या बाजूला गाडी उचलायला आलेल्या क्रेनवर आदळला तो, आणि नऊ महिन्यांनी गेला. त्याच सुझुकाला 2022 ला पावसात परत ट्रॅकवर ट्रॅक्टर आला आणि पिएर गॅसली त्याच्या शेजारून स्प्रेमधून, म्हणजे चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या धुक्यातून, गेला, रेडिओवर त्याचा आवाज ऐकून आमच्या खोलीत कुणी बोललं नाही बराच वेळ. तो बियांचीला ओळखायचा, त्याचा संताप खरा होता, आणि त्या दिवशी जगभरचे फॅन्स गॅसलीच्या बाजूने उभे राहिले. कुणीही म्हणालं नाही की ट्रॅक्टर असू दे, रेस चालू दे. म्हणजे पब्लिकला अ‍ॅक्सिडेंट हवे असतात हे दुसऱ्या वाचकांचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही.

आता मुद्द्यावर येतो. ज्या रेसमुळे फॅन्सचा पावसाच्या बाबतीतला विश्वास उडाला ती रेस म्हणजे 29 ऑगस्ट 2021, स्पा. तुमच्यातल्या ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण हे नीट कळल्याशिवाय 2025 ला लोक 80 मिनिटांवरून का एवढे वैतागले ते कळणार नाही.

आधीच्या दिवशी क्वालिफायिंगला, म्हणजे रेसला कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणाऱ्या फेऱ्यांना, लँडो नॉरिस ओ रूजला जोरात आपटला होता, गाडीचा चुरा. त्याच्या थोडं आधीच सेबॅस्टियन व्हेटेल रेडिओवर सांगत होता की पाणी जास्त आहे, रेड फ्लॅग द्या, म्हणजे गाड्या थांबवा. त्याच पावसात जॉर्ज रसेलने त्या काळच्या विल्यम्समध्ये दुसरा नंबर काढला होता, विल्यम्स तेव्हा मागे राहणारी टीम, म्हणजे विचार करा काय चालवली असेल. त्यामुळे रविवारी सगळे उत्साहात. रेस आपल्याकडच्या साडेसहाला. पेरेझ तर ग्रिडवर, म्हणजे सुटायच्या जागेवर, जातानाच घसरला. सव्वासहा पासून टीव्हीपुढे बसलोय, सात वाजायला पाच मिनिटं असताना सेफ्टी कारमागे, म्हणजे सगळ्यांना हळू ठेवायला पुढे चालणाऱ्या गाडीमागे, गाड्या निघाल्या, दोन फेऱ्या झाल्या आणि रेड फ्लॅग. मग वाट. आठ वाजले, नऊ वाजले. टीव्हीवर परत परत तेच, पिटलेनमध्ये गाड्यांवर टाकलेली कव्हर्स, छत्र्या, आणि मग कॅमेरा स्टँडकडे. तिथलं दृश्य अजून आठवतं मला, नारिंगी टीशर्टातले डच फॅन्स, वरून पातळ प्लॅस्टिकचे रेनकोट जे अंगाला चिकटलेत, काहीजण गवताच्या उतारावर चिखलात उभे, एक बाप पोराला पुढ्यात घेऊन त्याच्यावर पण तेच प्लॅस्टिक पांघरून बसलेला. आणि कॅमेरा आला की हात वर करून नाचत होते हे लोक. तीन तास. थंडीत. पावसात. सकाळपासूनचे वेगळे.

एक सांगायचं राहिलं, त्याच भागात जुलैमध्ये भयंकर पूर येऊन गेला होता, लिएज प्रांतात गावंच्या गावं पाण्यात, आणि त्याच जुलैत आठवड्याभराने आमच्याकडे पंचगंगेचा पूर आणि तिकडे चिपळूण. तर पावसाची गंमत त्या लोकांना पण नव्हती आणि आम्हाला पण नव्हती. तरी ते बसून होते, कारण रेस होईल असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, कुणी नाही म्हटलंच नव्हतं ना.

मधेच स्टुअर्ड्सनी, म्हणजे नियम बघणाऱ्या अधिकाऱ्यांनी, घड्याळ थांबवलं. तीन तासांची जी मर्यादा असते तिचा एक तास शिल्लक ठेवून थांबवलं, कारण दिलं की परिस्थिती हाताबाहेरची आहे. आम्हाला वाटलं चला, म्हणजे पाऊस कमी झाला की तासभराची तरी खरी रेस बघायला मिळेल, त्यासाठीच तास राखून ठेवला. आपल्याकडे पावणेदहा झाले आणि गाड्या निघाल्या, पुढे सेफ्टी कार. एक फेरी, दोन फेऱ्या, तिसरी, कुणी कुणाला ओव्हरटेक करायचं नाही, नुसती मिरवणूक, आणि परत रेड फ्लॅग. आणि मग जाहीर केलं की रेस संपली. 44 फेऱ्यांची रेस, निकाल धरला पहिल्या फेरीच्या शेवटचा, पहिल्या आलेल्या मॅक्स व्हर्स्टॅपनचा अधिकृत वेळ 3 मिनिटं 27 सेकंद. फॉर्म्युला वनच्या इतिहासातली सगळ्यात छोटी रेस, त्याआधीची सगळ्यात छोटी 1991 ची अ‍ॅडलेडची होती ती पण पावसातलीच, पण तिथे निदान 14 फेऱ्या खऱ्याखुऱ्या पळाल्या होत्या.

आणि पॉइंट्स दिले! अर्धे का असेना पण दिले, व्हर्स्टॅपनला साडेबारा, रसेलला नऊ, हॅमिल्टनला साडेसात. तेव्हाचा नियम असा होता की दोनपेक्षा जास्त फेऱ्या झाल्या की अर्धे पॉइंट्स देता येतात, आणि त्या फेऱ्या सेफ्टी कारमागे झाल्या तरी चालायचं. बस, त्यासाठी त्या तीन फेऱ्या. पहिल्या तिघांचं पोडियम झालं, शॅम्पेन उडवली. आमच्यातला एकजण रसेलचा फॅन, त्याचं पहिलं पोडियम होतं ते, तो पण टाळ्या वाजवेना. त्या वर्षी शेवटच्या रेसला अबू धाबीत व्हर्स्टॅपन आणि हॅमिल्टन दोघे 369.5 पॉइंट्सवर बरोबरीत उतरले, तो जो अर्धा आहे तो स्पाचा अर्धा. एवढी चुरशीची चॅम्पियनशिप आणि तिच्यात हे न पळालेल्या रेसचे पॉइंट्स कायमचे चिकटलेत.

आता फॅन्सची रिअ‍ॅक्शन काय होती ते नीट बघा. रेस का नाही घेतली म्हणून ओरडणारे फार थोडे होते. जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं एकच होतं की तीन तासांनी सेफ्टी कारमागे फिरवायचंच होतं तर रद्द म्हणून सांगायचं, लोकांना घरी जाऊ द्यायचं आणि पैसे परत करायचे. हॅमिल्टन स्वतः हेच बोलला, की प्रेक्षकांना पैसे परत मिळाले पाहिजेत, आणि त्या फेऱ्या पैशासाठी केल्या असं त्याचं म्हणणं होतं. अलोन्सोने पॉइंट्स वाटण्यावर टीका केली, व्हेटेल म्हणाला की मग क्वालिफायिंगलाच पॉइंट्स द्या ना. फॉर्म्युला वनच्या बॉसनी म्हणजे डोमेनिकालींनी सांगितलं की व्यावसायिक कारण काही नव्हतं. त्यांचं म्हणणं तसं आहे, ते मी इथे मुद्दाम लिहितोय. पण कारण काही असो, स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला शेवटी काय मिळालं? पैसे नाही मिळाले. काही महिन्यांनी फॉर्म्युला वनच्याच एफ वन टीव्हीचं सबस्क्रिप्शन, सर्किटवर एक कार्यक्रम आणि पुढच्या वर्षीच्या तिकिटांचा लकी ड्रॉ असं काहीतरी देऊ केलं. लांबून ट्रेनने आलेल्या, हॉटेल केलेल्या, पोराबाळांना घेऊन तीन दिवस चिखलात काढलेल्या माणसाला लकी ड्रॉ.

आपल्याकडे क्रिकेटला निदान एक गोष्ट स्पष्ट आहे. आयपीएलची मॅच एकही बॉल न पडता धुऊन गेली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात, 2025 च्या मे महिन्यात बेंगळुरूला बेंगळुरू-कोलकाता मॅच तशी वाहून गेली तेव्हा मिळाले. एक बॉल पडला तर काय यावर वाद घालता येईल, तो नियम पण फार प्रेक्षकांच्या बाजूचा नाही, पण कमीत कमी बॉलरने धावत येऊन बॉल टाकावा लागतो, अंपायर आणि खेळाडू पिचपर्यंत चालत जाऊन परत आले त्याला कुणी मॅच म्हणत नाही.

आणि फॅन्सना दम नसतो, लगेच चिडतात, हे पण खरं नाही. 2011 ची कॅनडा ग्रांप्री आठवा. मॉन्ट्रियलला तुफान पाऊस, रेस मध्येच दोन तासांहून जास्त थांबली, आपल्याकडे ती रात्री साडेदहाला सुरू झालेली, संपली तेव्हा अडीच वाजून गेले होते आणि दुसऱ्या दिवशी सोमवार. चार तास चार मिनिटं, इतिहासातली सगळ्यात लांब रेस. जेन्सन बटन एका क्षणी सगळ्यात शेवटी होता आणि शेवटच्या फेरीत व्हेटेलवर प्रेशर टाकून, व्हेटेल घसरला आणि बटन जिंकला. आम्ही त्या वेळी ओरडून शेजाऱ्यांना उठवलं होतं. त्या दोन तासांबद्दल आजपर्यंत एकाही फॅनला तक्रार करताना ऐकलं नाही मी, उलट अभिमानाने सांगतात की मी जागा होतो. वाट बघायला कुणाची ना नसते हो, पुढे खरी रेस असेल तर लोक रात्रभर बसतील.

उलट उदाहरण 2009 चं मलेशिया. सेपांगला संध्याकाळी रोज पाऊस पडतो हे तिथल्या शाळेतल्या पोराला पण माहीत असेल, तरी युरोपातल्या टीव्हीच्या सोयीने रेस संध्याकाळी पाचला ठेवली, पाऊस आला, थांबवली, मग अंधार झाला आणि 56 पैकी 31 फेऱ्यांवर संपवली, अर्धे पॉइंट्स. राइक्कोनेन आइसक्रीम खात उभा होता तो फोटो लोकांना आठवतो पण त्या प्रेक्षकांचं काय झालं ते कुणाला आठवत नाही.

फॅन्सच्या ओरडण्याचा उपयोग होतो, हे पण सांगितलं पाहिजे. 2021 च्या त्या प्रकारानंतर नियम बदलला, 2022 पासून सेफ्टी कार नसताना निदान दोन फेऱ्या झाल्याशिवाय पॉइंट्स मिळत नाहीत आणि रेस जेवढी पळाली त्या प्रमाणात पॉइंट्सचे टप्पे केले. तरी त्यात पळवाट राहिलीच, 2022 ला सुझुकाला 53 पैकी 28 फेऱ्या झाल्या, सगळे समजून बसले की पॉइंट्स कमी मिळणार, आणि मिळाले पूर्ण, कारण नियम फक्त रेस थांबून परत सुरू न झाल्यावर लागू होत होता. व्हर्स्टॅपनला स्वतःला कळेना आपण चॅम्पियन झालो का नाही. दोन तास पावसात बसलेल्या जपानी प्रेक्षकांना तर काय कळलं असेल. मग तो पण दुरुस्त केला. चाकांवर मडगार्डसारखी कव्हर्स लावून स्प्रे कमी करायचे प्रयोग पण झाले, 2023 ला सिल्व्हरस्टोनला, 2024 ला फिओरानोला, पण अजून त्यातून काही हाती लागलेलं नाही. माझ्या मते खरा पैसा आणि डोकं इथे लावायला हवं, कारण स्प्रे कमी झाला तर निम्मे वाद आपोआप मिटतील.

या पार्श्वभूमीवर 2025 बघा. 80 मिनिटं थांबले, मग चार फेऱ्या सेफ्टी कारमागे, मग सोडले. सोडल्यावर पहिल्याच फेरीत पियास्त्रीने केमेलच्या सरळ रस्त्यावर नॉरिसला मागे टाकलं आणि जिंकला. ट्रॅक लवकरच सुकला म्हणून लोक म्हणाले उगाच थांबवलं, व्हर्स्टॅपन आणि हॅमिल्टन पण म्हणाले लवकर सोडता आलं असतं. दुसरीकडे सिल्व्हरस्टोनचा अनुभव ताजा होता, ड्रायव्हर्सनीच सांगितलेलं की या वेळी सांभाळून घ्या. मला विचाराल तर थोडं लवकर सोडता आलं असतं, दहा-वीस मिनिटं, पण मी त्यासाठी रेस डायरेक्टरला शिव्या देणार नाही. पूर्ण 44 फेऱ्या झाल्या, प्रेक्षकांना रेस मिळाली. फॅन्सना धडकी भरली ती 2021 मुळे, परत तसंच होणार की काय म्हणून. ती जखम आहे, तिला ड्रायव्हरचा घाबरटपणा म्हणून काय मिळणार?

हे सगळं लांबचं आहे असं कुणाला वाटेल म्हणून आपल्याकडचं पण लिहितो. चेन्नईची रस्त्यावरची रात्रीची रेस 2023 च्या डिसेंबरमध्ये व्हायची होती, मिचाँग चक्रीवादळाने शहर पाण्यात गेलं आणि रेस पुढे ढकलली, ते योग्यच केलं. पुढे 2024 च्या ऑगस्टअखेरीस झाली तेव्हा पण पावसाने वेळापत्रक विस्कटलं. भारतात रेस वाढणार, महाराष्ट्रात पण होतील अशी आशा आहे, आणि आपल्याकडे वर्षातले चार महिने पाऊस. तेव्हा माझी आयोजकांना आणि फेडरेशनला विनंती आहे की तिकिटाच्या मागच्या बाजूला साध्या मराठीत छापा, सेफ्टी कारशिवाय किती फेऱ्या झाल्या नाहीत तर पैसे परत, किती वाजेपर्यंत निर्णय होणार, आणि दर अर्ध्या तासाला मैदानातल्या स्पीकरवरून काय चाललंय ते सांगणार का नाही. वेबसाइटवरच्या चाळीस पानी अटींमध्ये नको, तिकिटावर.

आणि संपादकसाहेब, आपल्याला एक विनंती. रेसच्या रविवारी क्रीडा पानावर आपल्या वेळेप्रमाणे रेस किती वाजता, पावसाचा अंदाज काय आणि थांबली तर पॉइंट्सचा नियम काय, एवढी छोटी चौकट देता आली तर बघा. आमच्यासारखे बरेच जण आहेत, कोल्हापुरात तर नक्कीच.

आपला,
एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर